मंदी म्हणावे की आणखी काही? आर्थिक पडझडीसाठी मराठीत असलेल्या शब्दांचा तुलनात्मक आढावा

सोलापूरच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखानदारांनी बँकेला द्यावयाच्या अर्जाचा मसुदा काही दिवसांपूर्वी माझ्याकडे तपासायला आणून दिला. कर्जाच्या हप्त्यांना मुदतवाढ मिळावी, अशी त्यांची मागणी होती आणि त्यामागचे कारण त्यांनी एकाच शब्दात दिले होते : 'मंदीमुळे'. बोलताना समजले की, त्यांच्या बारा मागांपैकी पाच बंद आहेत, उरलेले एकाच पाळीत चालतात, गोदामात टॉवेलच्या गाठी पडून आहेत आणि परगावच्या व्यापाऱ्यांकडे चार महिन्यांची उधारी थकली आहे. यांपैकी एकही गोष्ट अर्जात नव्हती. देशाचे उत्पन्न वाढत असल्याचे आकडे रोज छापून येत असताना ही मंदी कोणती, असे बँकेच्या अधिकाऱ्याने विचारले असते, तर त्याला दोष देता आला नसता. कारखानदारांचेही चुकलेले नव्हते, कारण पेठेत मंदी हा शब्द ज्या अर्थाने शंभर वर्षे बोलला जातो, त्याच अर्थाने त्यांनी तो लिहिला होता.

आर्थिक पडझड सांगायला मराठीत शब्दांची वाण नाही. मंदी, मंदगती, घसरण, महामंदी, चलनघट, स्वस्ताई, डबघाई, नादारी, दिवाळखोरी, उतरती कळा, ऱ्हास असे कितीतरी शब्द हाताशी आहेत. तरीही अर्ज लिहिणारा, बातमी लिहिणारा आणि उत्तरपत्रिका लिहिणारा असे तिघेही बहुतेक वेळा एकट्या मंदीवर सगळा भार टाकतात. या तिघांपैकी ज्याला नेमका शब्द निवडायचा आहे, त्याच्यासाठी हे शब्द येथे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. माझे मत आरंभीच सांगतो. मंदी हा शब्द येऊन ओसरणाऱ्या संकटासाठीच वापरावा, कारण त्या शब्दातच परतीची अपेक्षा दडलेली आहे आणि जे परत येणार नाही त्याला मंदी म्हटले की, लोक चुकीच्या गोष्टीची वाट पाहत बसतात.

पेठेतली मंदी आणि पुस्तकातली मंदी

'मंद' हे संस्कृत विशेषण. त्यावरून बाजाराच्या बोलीत मंदा आणि मंदी हे शब्द आले. 'तेजी' हा मात्र फारसी 'तेज' शब्दाशी नाते सांगतो. एक संस्कृत कुळातला आणि दुसरा फारसी वळणाचा, अशी ही जोडी बाजारात इतकी एकजीव झाली आहे की, त्यांतला एक उच्चारला की दुसरा आपोआप आठवतो. पेठेत तेजी-मंदी म्हणजे मुख्यतः भावाची चढ-उतार. सुताला तेजी आहे, कांद्यात मंदी आहे, सरकीत मंदीवाल्यांचा जोर आहे, या वाक्यांत देशाच्या उत्पन्नाचा विषयच नसतो. येथे मंदी एका मालाची असते, एका बाजारापुरती असते आणि कधी कधी आठवड्यापुरतीसुद्धा असते.

पुस्तकातल्या मंदीचे तसे नाही. तिला संपूर्ण अर्थव्यवस्था लागते. अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे ठरवण्याचे काम नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेची समिती करते. आर्थिक व्यवहारांत लक्षणीय घट व्हावी, ती सगळ्या अर्थव्यवस्थेत पसरलेली असावी आणि काही महिन्यांहून अधिक टिकावी, अशी तिची कसोटी आहे. वर्तमानपत्रांतून अधिक परिचित झालेला 'लागोपाठ दोन तिमाहींत उत्पन्न घटले की मंदी' हा ठोकताळा त्याहून सोपा आहे आणि तो १९७४ मध्ये ज्युलियस शिस्किन या अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञाच्या लेखातून रूढ झाला. ठोकताळा सोयीचा असला तरी तो अपुरा आहे. २०२२ च्या पहिल्या दोन तिमाहींत अमेरिकेचे उत्पन्न घटल्याचे आकडे आले, पण रोजगार वाढत असल्यामुळे समितीने मंदी जाहीर केली नाही. उलट फेब्रुवारी ते एप्रिल २०२० हा अवघ्या दोन महिन्यांचा काळ मात्र तिने मंदीचा ठरवला, कारण ती घट अतिशय खोल आणि सर्वदूर होती.

या दोन अर्थांतले अंतर किती मोठे आहे, हे सोलापूरच्या बाजार समितीच्या आवारात दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने येथे ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला आणि वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता त्यांच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. ही बातमी तेव्हा देशभर गेली. पेठेच्या भाषेत ही कांद्यातली भीषण मंदीच होती. पुस्तकाच्या भाषेत मात्र त्या आर्थिक वर्षात देशाचे उत्पन्न सुमारे सात टक्क्यांनी वाढलेले होते. दोन्ही विधाने खरी आहेत. म्हणून लिहिताना 'कांद्याचे भाव कोसळले' किंवा 'कांद्याला उठाव नाही' असे म्हणावे. म्हणजे शेतकऱ्याचे दुःख देशाच्या सरासरीत विरघळत नाही आणि वाचणाऱ्याचा गोंधळही होत नाही. 'उठाव नाही' हा आपल्या व्यापाऱ्यांचा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो. मागणी घटली, हे त्यात दोन शब्दांत सांगून होते.

मंदी आणि मंदगती

लिहिणाऱ्याची सर्वाधिक चूक याच जोडीत होते आणि ती चूक व्याकरणातून उगवते. मंदी हे नाम आणि मंदावणे हे क्रियापद एकाच धातूचे दिसते. म्हणून 'अर्थव्यवस्था मंदावली' या वाक्याचे नाम करताना लेखणी सहज 'अर्थव्यवस्थेत मंदी' असे लिहून जाते. अर्थ मात्र बदललेला असतो. मंदावलेली गाडी पुढेच जात असते, फक्त सावकाश. मंदीत सापडलेली अर्थव्यवस्था मागे सरलेली असते.

एखाद्या कारखान्याचे उदाहरण घेतले तर हे लगेच स्पष्ट होईल. पहिल्या वर्षी १०० गाठी, दुसऱ्या वर्षी १०८ आणि तिसऱ्या वर्षी ११२ गाठी माल निघाला, तर वाढ मंदावली. ही मंदगती झाली. तिसऱ्या वर्षी १०८ वरून उत्पादन १०४ गाठींवर आले, तर ते आकसले. हीच घट सगळीकडे पसरली आणि टिकली तर ती मंदी. वाढीचा दर आठ टक्क्यांवरून चारवर आला की, 'अर्थव्यवस्थेत निम्म्याने घसरण' असे मथळे मी वाचले आहेत. निम्म्याने घसरतो तो दर. उत्पन्न त्या वर्षीही वाढलेलेच असते.

हा काथ्याकूट वाटू नये, कारण याच शब्दभेदावर संसदेत वाद झाला आहे. २०१९ च्या उत्तरार्धात वाढीचा दर तिमाही दर तिमाही खाली येत होता. तेव्हा २७ नोव्हेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितले की, वाढ मंदावली असेल, पण ही मंदी नाही. शब्दार्थाच्या कसोटीवर ते विधान बरोबर होते. मंदगतीसुद्धा माणसांना पोळते, हा विरोधकांचा मुद्दाही तितकाच खरा होता. वर्षभरातच चित्र पालटले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी आणि त्यापुढच्या तिमाहीत ७.५ टक्क्यांनी आकसल्याचे आकडे त्या वेळी जाहीर झाले. तिमाही आकडेवारी प्रसिद्ध होऊ लागल्यापासून लागोपाठ दोन तिमाहींत घट होण्याची ती पहिली वेळ होती. ती मंदी होती आणि तिला मंदगती म्हणणे म्हणजे सौम्य शब्दाने सत्य झाकणे झाले असते.

सोलापूरकराला हा भेद समजायला एक वेगळी मदत आहे. येथील पद्मशाली कुटुंबांतून तेलुगू आणि अक्कलकोट-दक्षिण सोलापूर भागातून कन्नड रोज कानावर पडते. तेलुगू वर्तमानपत्रे इंग्रजीतल्या 'रिसेशन'ला, म्हणजे पुस्तकातल्या मंदीला, 'मांद्यम्' म्हणतात आणि वाढ नुसती मंदावली असेल तेव्हा 'मंदगमनम्'. दोन्ही शब्द 'मंद'पासूनच निघाले, पण तेथे त्यांची कामे वाटून दिलेली आहेत. 'मांद्य' आपल्यालाही परके नाही. अग्निमांद्यात आपण तोच शब्द वापरतो. कन्नडमध्ये रिसेशनला 'हिंजरित' म्हणतात आणि त्यात मागे सरण्याचा भाव आहे, जो इंग्रजी शब्दाच्या मूळ लॅटिन अर्थाला जवळचा आहे. मराठीत 'मंदगमन' साहित्यिक वाटेल, पण 'मंदगती' सहज खपतो. माझा आग्रह एवढाच की, नाम हवे असेल तेव्हा मंदगती लिहावे, आणि नाम नको असेल तर 'वाढ मंदावली' हे साधे वाक्य लिहावे. 'वाढ' हा कर्ता वाक्यात असला की, अर्थ निसटत नाही.

महामंदी

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची अडचण येथे सुरू होते. व्यापारचक्राच्या धड्यात तेजी, घसरण, मंदी आणि पुनरुज्जीवन अशा चार अवस्था अनेक मराठी पाठ्यपुस्तकांत दिल्या जातात. या मांडणीत घसरण म्हणजे रिसेशन आणि मंदी म्हणजे डिप्रेशन, म्हणजे त्याहून खोल आणि दीर्घ पडझड. वर्तमानपत्रांत मात्र मंदी म्हणजे रिसेशन आणि महामंदी म्हणजे डिप्रेशन. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. पण एकाच उत्तरात त्या मिसळल्या की, परीक्षकाला अर्थ लागत नाही. व्यापारचक्रावरचे उत्तर लिहिताना पाठ्यपुस्तकाची पद्धत पाळावी आणि चालू घडामोडींवर लिहिताना वर्तमानपत्राची. मधला मार्ग नाही.

महामंदी हे नाव मी एकाच घटनेसाठी राखून ठेवतो. अमेरिकेत ऑगस्ट १९२९ ते मार्च १९३३ असे ४३ महिने अर्थव्यवस्था आकसत गेली, उत्पादन चतुर्थांशाहून अधिक घटले आणि १९३३ मध्ये काम करू शकणाऱ्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा बेकार होता. डिसेंबर २००७ ते जून २००९ ही मंदी १८ महिन्यांची होती आणि तिच्यातील घट सुमारे चार टक्क्यांची होती. इंग्रजीत या दोन्हींची नावे वेगळी आहेत. मराठीत दोन्हींना महामंदी म्हटले जाते आणि मग सहापट खोलीचा फरक पुसला जातो. दुसरीला '२००८ ची जागतिक मंदी' म्हणावे. त्यातही भारताबद्दल लिहिताना अधिक जपावे, कारण त्या वेळच्या आकडेवारीनुसार २००८-०९ मध्ये आपली वाढ नऊ टक्क्यांच्या पुढून पावणेसात टक्क्यांच्या आसपास आली होती. मंदी जगात होती, भारतात मंदगती होती.

शब्दांची भीती सत्तेलाही वाटते. १९७८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे महागाईविषयक सल्लागार आल्फ्रेड कान यांनी 'डिप्रेशन'ची शक्यता जाहीरपणे बोलून दाखवली आणि त्यांना समज देण्यात आली; त्यानंतर ते त्या शब्दाऐवजी 'केळे' असे म्हणू लागले. आपल्याकडेही 'नकारात्मक वाढ' असा एक शब्दप्रयोग रुळू पाहतो आहे. वाढ नकारात्मक नसते; ती एक तर होते किंवा होत नाही. 'उत्पन्न घटले' हे म्हणायला मराठी समर्थ आहे.

स्वस्ताई, चलनघट आणि दुष्काळ

पेठेतील मंदी भावाची असल्यामुळे एक गैरसमज पक्का बसला आहे : मंदीत सगळे स्वस्त होते. भाव उतरल्याचा आनंद गिऱ्हाइकाला झाला तर त्याला स्वस्ताई म्हणतात, विकणाऱ्याला झळ बसली तर तो मंदी म्हणतो. एकाच भावाची ही दोन बाजूंनी दिलेली नावे आहेत. सर्वसाधारण भावपातळीच दीर्घकाळ खाली जात राहिली, तर तिच्यासाठी चलनघट हा शब्द आहे आणि तो मंदीचा समानार्थी नाही. १९७९-८० मध्ये दुष्काळ आणि खनिज तेलाची दरवाढ एकदम आली, देशाचे उत्पन्न ५.२ टक्क्यांनी घटले आणि त्याच वर्षी घाऊक भाव सुमारे १७ टक्क्यांनी चढले. उत्पन्न घटते आणि महागाई वाढते, अशा स्थितीला 'मंदीयुक्त भाववाढ' म्हणावे लागते. शब्द अवजड आहे, पण त्याला पर्याय नाही.

याच ठिकाणी आपल्या जिल्ह्याच्या आठवणीतला एक मोठा शब्द पुढे येतो. स्वातंत्र्यानंतर, २०२० पूर्वी, ज्या वर्षी देशाचे उत्पन्न घटले त्या १९५७-५८, १९६५-६६, १९७२-७३ आणि १९७९-८० या चारही वर्षी पावसाने दगा दिलेला होता. सोलापूर जिल्ह्यात १९७२ ला कोणी मंदी म्हणत नाही, बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. रोजगार हमीची खडी फोडणे, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी यांच्या आठवणी त्या शब्दाला चिकटलेल्या आहेत. लोकांनी येथे परिणामाऐवजी कारणाचे नाव निवडले आणि माझ्या मते ते योग्य केले. शेतीप्रधान भागात पाऊस हेच कारण असेल तेव्हा मंदी हा शब्द कारण झाकून टाकतो.

मंदी आणि उतरती कळा

सोलापूरच्या दृष्टीने हीच तुलना सर्वांत जवळची आहे. एकेकाळी या शहराची वेळ गिरण्यांच्या भोंग्यावर चालत असे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावे आज पत्ता सांगायला उरली आहेत. या गिरण्या मंदीमुळे बंद पडल्या, असे वाक्य नव्या पिढीच्या लिखाणात वारंवार येते आणि ते मला खटकते. मंदी आली असती तर ती ओसरली असती आणि भोंगे पुन्हा वाजले असते. जुनी यंत्रे, न झालेली गुंतवणूक, यंत्रमागाशी आणि कृत्रिम धाग्याशी आलेली स्पर्धा, बदललेली धोरणे आणि काही ठिकाणी व्यवस्थापनाचे दोष असे सगळे मिळून जे घडले, त्याला उतरती कळा किंवा ऱ्हास हे नाव आहे.

या बाबतीत एक जुना कायदा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, १९४९ मध्ये बंद झाली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढून आणि पुढे त्याच वर्षी कायदा करून गिरणीचे व्यवस्थापन हाती घेतले. एका भागधारकाने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. चरणजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा तो खटला घटनेतील समानतेच्या हक्कावर आजही अभ्यासला जातो. त्या कायद्याच्या प्रास्ताविकात गिरणी बंद पडण्याचे कारण दिले आहे : गैरव्यवस्थापन आणि हेळसांड. त्यापुढे परिणाम दिला आहे : आवश्यक वस्तूच्या उत्पादनाला बसलेली खीळ आणि एका वर्गावर कोसळलेली बेकारी. 'व्यापारातील मंदी' असे मोघम कारण लिहिले असते तर जबाबदारी कोणाचीच ठरली नसती, आणि सरकारला हस्तक्षेप करायला आधारही उरला नसता.

आजच्या चादरीच्या धंद्यालाही ही कसोटी लावावी. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे, तरीही नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावरच्या सुती चादरीऐवजी हलके, कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट घेणारे गिऱ्हाईक वाढले आहे आणि अनेक कारखानदार चादरीकडून टॉवेलकडे वळले आहेत. चादरीच्या बाबतीत गिऱ्हाइकाची आवड बदलली. ती मंदी नव्हे. टॉवेलची निर्यात मात्र परदेशातील मागणीवर चढते-उतरते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा निर्यातदारांना बसलेला धक्का शुल्कवाढीचा होता; त्यालाही मंदी म्हणू नये, कारण शुल्क हे सरकार लावते आणि सरकारच काढू शकते.

टाळेबंदी या शब्दाबद्दल येथेच एक सावधगिरी. गिरणीच्या इतिहासात टाळेबंदी म्हणजे मालकाने कामगारांना बाहेर ठेवून कारखान्याला लावलेले कुलूप. २०२० पासून तोच शब्द साथीच्या काळातील संचारबंदीसाठी सर्रास आला. गिरण्यांवर लिहिताना 'मालकाची टाळेबंदी' आणि अलीकडच्या काळावर लिहिताना 'करोनाकाळातील टाळेबंदी' असा खुलासा केला नाही, तर पुढच्या पिढीचा वाचक दोन्हींची सरमिसळ करील.

डबघाई, नादारी, दिवाळखोरी

हे तिन्ही शब्द एका संस्थेचे किंवा व्यक्तीचे असतात, अर्थव्यवस्थेचे नसतात. डबघाईला येणे ही आधीची पायरी, कारण तेथून सावरता येते. नादारी म्हणजे देणी फेडण्याची असमर्थता आणि दिवाळखोरी ही त्यानंतर कायद्याने ठरणारी स्थिती. याच विषयावरच्या २०१६ च्या केंद्रीय संहितेच्या इंग्रजी नावात (इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड) ही दोन्ही पदे वेगळी ठेवली आहेत. बँकेच्या कागदावर यांतला कोणताही शब्द सहज लिहू नये. 'माझा कारखाना डबघाईला आला आहे' असे लिहिणारा सहानुभूती मागत असतो, पण वाचणाऱ्याला त्यात बुडीत कर्जाची चाहूल लागते.

पूर्व भागातल्या त्या कारखानदारांच्या अर्जाचे वाक्य आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिले. 'मंदीमुळे' हा शब्द काढला आणि त्या जागी असे आले : 'गेल्या चार महिन्यांपासून टॉवेलच्या मालाला उठाव नसल्यामुळे बारापैकी पाच माग बंद आहेत व उर्वरित माग एका पाळीत चालवले जात आहेत, व्यापाऱ्यांकडील थकलेल्या उधारीची यादी सोबत जोडली आहे.' ते वाचून त्यांनी विचारले, "मग मंदी लिहायचीच नाही का, सर?" मी त्यांना म्हटले, तुमच्याच बरोबर सूतवाला, रंगारी, शिलाईवाला आणि किराणा दुकानदारही जेव्हा पाळी कमी करतील, तेव्हा लिहा. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले की, रंगाऱ्याने तर मागच्याच महिन्यात दोन माणसे कमी केली आहेत. आम्ही ती ओळही अर्जात घातली.